आवाज बसला त्या वर्षीच्या महालक्ष्म्या

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवला, यांना हाक मारली आणि तोंडातून नुसती हवा आली. पुन्हा मारली. पुन्हा हवा. दोरी ओढावी आणि घंटा वाजूच नये, तसं झालं.

देवावर माझा विश्वास तसा पक्का, पण त्या सकाळी तो चांगलाच हलला. कारण महिनाभर मी जे बोलले होते ते सगळं त्याच्यासाठीच बोलले होते. श्रावणात आमच्या गावच्या मारुतीच्या देवळात बायकांसाठी पोथी लागते, आणि ती मी वाचते. नुसती वाचत नाही. राक्षस आला की राक्षसाचा आवाज काढते, राणी रडली की पदर डोळ्याला लावते, आणि पोथीत दोन ओळींत मेलेला माणूस माझ्याकडे पाव तास मरतो. आसेगावकडच्या बायकाही माझी पोथी ऐकायला येतात. एवढी सेवा केली आणि देवानं बक्षीस म्हणून गळाच काढून घेतला, हे मला काही पटेना.

वाशीमच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं. आत सूज आहे म्हणाले. तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. यांनी अत्यंत गंभीर चेहऱ्यानं विचारलं, “डॉक्टरसाहेब, तीन आठवड्यानं पुरन काय? चांगला दोनक महिने आराम देऊन पाहू ना.” लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण या माणसाच्या चेहऱ्यावर असं तेज मी पहिल्यांदा पाहिलं. घरी येताना त्यांनी माझ्यासाठी शाळेतली पाटी आणि पेन्सिलीचा डबा घेतला. मी पाटीवर पहिलं वाक्य काय लिहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण खरी काळजी वेगळी होती. आठवड्यावर महालक्ष्म्या आल्या होत्या.

आमच्या घरी ज्येष्ठा-कनिष्ठा पिढ्यान्‌पिढ्या बसतात, आणि त्यांना घरात आणायची आमची एक रीत आहे. धाकटी सून सुपात दोन्ही मुखवटे घेऊन तुळशीपासून निघते आणि दाराशी येऊन थांबते. थोरली सून उंबरठ्याच्या आत उभी असते. ती विचारते, “कोण आली?” बाहेरची म्हणते, “महालक्ष्मी आली.” आतली विचारते, “कशाच्या पावलानं आली?” बाहेरची म्हणते, “सोन्याच्या पावलानं आली.” मग आतली हात धरून आत घेते. हे विचारल्याशिवाय आणि सांगितल्याशिवाय आमच्याकडे महालक्ष्म्या उंबरठा ओलांडत नाहीत. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही बाई म्हणायचो, शेवटच्या दिवसांत मला म्हणाल्या होत्या, “दोघी सुना मिळून आणत जा व. त्याबी दोघी बहिणीच हायेत.” मी हो म्हटलं होतं.

आणि बाई गेल्यापासून सहा वर्षं मी ते पाळलं नव्हतं. थोरली मी. धाकटी पुष्पा, माझ्या दिराची बायको. तिचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. आणि सहा वर्षं आमचं बोलणं बंद.

भांडण काय होतं ते सांगते, आणि यावेळी खरं सांगते. बाईंना लकवा मारला तेव्हा चार महिने त्यांचं सगळं मी केलं. अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं. पुष्पा संध्याकाळी यायची, पाय चेपायची, जायची. तेरवीच्या दिवशी नातेवाईक बायका माझं कौतुक करत होत्या, थोरलीनं लेकीसारखं केलं म्हणत होत्या. पुष्पा ताक वाढत होती. ती म्हणाली, “केलं ना, लय केलं. पण ताईनं जेवढं केलं तेवढं गावात सांगतलं बी.”

एवढंच. हे एकच वाक्य. ते मला इतकं झोंबलं, कारण ते खरं होतं. मी बाईंना घास भरवायचे आणि हात वाळायच्या आत चार घरी सांगून यायचे. पण खरं आहे म्हणून कोणी राग सोडतं का? उलट खोटं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं.

त्या वाक्याची मी गोष्ट केली. आधी मैत्रिणींना सांगितली, मग माहेरी, मग लग्नांतून आणि हळदीकुंकवांतून. गोष्ट सांगणाऱ्याचा हात स्वस्थ बसत नाही. पहिल्या वर्षी मी पुष्पाच्या अंगावर एक भारी जांभळी साडी चढवली. दुसऱ्या वर्षी तिच्या बांगड्या वाजवल्या. तिसऱ्या वर्षी तिला ते वाक्य म्हणताना हसायला लावलं, आणि ते हसणं मी असं काही करून दाखवायची की बायका गालावर हात मारून घ्यायच्या. त्याच वर्षी एक नवा प्रवेश मिळाला. महालक्ष्म्यांच्या दिवशी सकाळी आमच्या फाटकासमोर पांढरं पीठ सांडलेलं दिसलं. पुढच्या वर्षीही दिसलं. पुष्पा करणी करते, असा मी अर्थ लावला. दरवर्षी त्या पिठावर गोमूत्र शिंपडायचे, लिंबू ओवाळून गल्लीत फेकायचे, आणि त्याचंही वर्णन गोष्टीत घालायचे. ती माझी सर्वांत गाजलेली गोष्ट होती. लोक मागून घेत.

सणाचं काम मात्र मी चलाखीनं चालवत होते. मुखवटे आणायला माझी लेक. लेक म्हणजे लक्ष्मीच, असं मी जाहीर करून टाकलं. दिराला आणि त्यांच्या मुलांना जेवायला बोलावणं जायचं. पुष्पाला नाही. सवाष्णीला कुंकू लावून बोलावल्याशिवाय ती येत नाही, आणि मी कुंकू घेऊन जात नसे. महालक्ष्म्यांचं अन्न घराबाहेर न्यायचं नाही हा आमच्याकडचा नियम. तो नियम मी इतका कडक पाळला की सहा वर्षांत पुष्पाच्या तोंडी स्वतःच्या कुळाच्या देवीचा एक घास गेला नाही. मी हे भक्तीच्या नावाखाली केलं, आणि खरं सांगायचं तर चवीनं केलं.

आता त्या वर्षीचं. लेक जऊळक्याला दिलेली, तिला नववा महिना लागलेला. सासरच्यांनी एवढ्या खड्ड्यांतून पाठवायला नकार दिला आणि तो बरोबरच होता. म्हणजे मुखवटे आणायला कोणी नाही आणि विचारायला माझा गळा नाही. यांनी एकदाच सांगितलं, “पुष्पाले बोलाव.” मी पाटीवर लिहिलं, “मग तिलाच महालक्ष्मी म्हणून बसवा.” पाटीवर लिहिलेला टोमणा फार वाईट असतो. समोरचा तो दोनदा वाचू शकतो. यांनी दोनदा वाचला आणि पाटी पुसून ठेवली.

गणपती बसले त्या दुपारी माझी मैत्रीण कांता चार बायका घेऊन आली. मी मुकी झाले हे पाहायला गावातून रोज कोणी ना कोणी येतच होतं, जसं काही तळ्याला पाणी आलं. त्यांच्यात शेजारच्या घरची नवी सून होती. तिनं विचारलं की भिंतीपलीकडच्या काकू इकडे कधी दिसत नाहीत. कांतानं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलू शकत नव्हते. मग तिनंच गोष्ट सुरू केली.

माझीच गोष्ट, माझ्याच आवाजात. जांभळी साडी आली, बांगड्या वाजल्या, ते हसणं आलं. सुरुवातीला मी कारागिराच्या नजरेनं पाहत होते. ताक वाढण्याआधी थांबायला हवं होतं, ती घाई करते असं मनात म्हणत होते. मग कांता रंगात आली आणि तिनं स्वतःचा एक तुकडा जोडला. म्हणाली, “अन् पुष्पानं काय म्हणावं? म्हातारी लवकर गेली तेच बरं झालं, घर मोकळं झालं, असं म्हणे.”

हे कधीच झालं नव्हतं. बाई गेल्या त्या दिवशी पुष्पा त्यांच्या पायांशी बसली होती आणि तिला उठवायला दोघीजणी लागल्या होत्या. मी जोरजोरात हात हलवला, नाही, नाही. कांता म्हणाली, “पाहा, ताई म्हणून राह्यली का याच्यापेक्षाबी वाईट बोलली.” बायकांनी गालावर हात मारले. नव्या सुनेचे डोळे मोठे झाले.

पाटी माझ्या मांडीवरच होती. पेन्सिल हातात होती. “असं झालं नाही,” तीन शब्द. मी लिहिले नाहीत. कारण ते लिहिले असते तर पुढचं विचारलं गेलं असतं. मग हसली होती ते खरं का? जांभळी साडी खरी का? माझी सगळी इमारत एका विटेनं खाली आली असती. बायका चहा पिऊन गेल्या आणि मी पाटी धरून तशीच बसून राहिले.

बोलता येत नसलं की माणसाला आठवतं फार. त्या दुपारी मला तेरवीचा दिवस दिसला, माझ्या गोष्टीतला नव्हे, खरा. पुष्पाच्या अंगावर विटलेली पिवळी साडी होती. तिचे डोळे सुजले होते. ती हसली नव्हती. ताकाचं भांडं जड होतं आणि ते तिनं कमरेवर टेकवलं होतं. सहा वर्षं मी ज्या बाईवर रागावले होते ती मीच शिवली होती, काज-बटणासकट. खऱ्या बाईनं मला एक खरं वाक्य ऐकवलं होतं, त्याहून जास्त काही नाही.

मी देवघरात गेले. मुखवटे अजून पेटीत होते. इतकी वर्षं मी देवीसमोर बोलून बोलून मागणी मांडत आले, तिला मध्ये एक शब्द बोलू दिला नसेल. त्या दिवशी बोलणं शक्य नव्हतं. नुसती बसले. कौल नाही, दृष्टांत नाही, फूल पडलं नाही. फक्त उठताना हात आपोआप कुंकवाच्या करंड्याकडे गेला, आणि मी तो परत ठेवून दिला. एवढा धीर नव्हता अजून.

आवाहनाच्या दिवशी सकाळी मात्र गेले. गुरं सुटायच्या आधी, गल्लीत कोणी पाहू नये म्हणून. करंडा पदराखाली लपवून, चोरासारखी. फाटक उघडलं आणि जागीच थांबले.

पुष्पा गल्लीत वाकून बसली होती. एका हातात तांदळाच्या पिठाची वाटी. ती पावलं काढत होती. लक्ष्मीची लहान लहान पावलं, पाच बोटांची, तिच्या घराच्या दारापासून निघालेली, गल्ली ओलांडून आमच्या फाटकापर्यंत आलेली. शेवटचं पाऊल माझ्या पायांपासून हातभर अंतरावर होतं.

तिनं वर पाहिलं. पळावं की बसावं ते तिला कळेना, मलाही नाही. मग ती म्हणाली, “दरसाल काढतो, ताई. म्या आणत नाई, तं निदान वाट तरी दाखवाव म्हटलं. तुमी बाहेर येता तवरिक गुरं जाऊन मिटवून टाकतात.”

पांढरं पीठ. माझी गाजलेली करणी. मी कपाळाला हात लावून तिथेच गल्लीत बसले. मला रडायचं होतं, पण रडायलाही आवाज लागतो हे मला तेव्हा कळलं. नुसता श्वास घासत होता. पुष्पाला माझ्या तोंडावर सगळं दिसलं असावं, कारण ती हळूच म्हणाली, “लिंबं वाया नाई गेले, ताई. पोट्टे सरबत करून पेत.”

मी हसले. बिनआवाजाचं, पोट धरून. चार-चार वर्षं मी मंत्र पुटपुटून लिंबं फेकत होते आणि माझे पुतणे ती उचलून साखर घालून पीत होते. याहून मोठा प्रसाद त्या गल्लीत कोणाला मिळाला नसेल.

करंडा उघडला आणि तिच्या कपाळाला कुंकू लावलं. थोडं कुंकू नाकावर सांडलं. नाकावर सांडलेलं कुंकू आमच्याकडे चांगलं मानतात. मग मी तिच्या हातातली वाटी घेतली आणि फाटकापासून तुळशीपर्यंत उरलेली पावलं काढायला बसले. दोन पावलं झाली तोच ती मागून म्हणाली, “ताई, बोटं उलटी काढली. देवी माघारी जाईन.” तिचं बरोबर होतं. मी पुसून पुन्हा काढली.

दुपारी आवाहनाची वेळ झाली. विचारायला गळा लागतो, म्हणून मी पाटीवर लिहून पुष्पाला दिलं की यावेळी तू आत उभी राहा, मी बाहेर राहते. तिनं वाचलं, माझ्याकडे पाहिलं. अठ्ठावीस वर्षांत मी त्या दाराच्या बाहेरच्या बाजूला कधी उभी राहिले नव्हते. सुपात दोन मुखवटे, अंगणात दीर, हे, पुतणे, कांता आणि तिच्या मागे अर्धी गल्ली. आपल्याच घराच्या दाराशी परक्यासारखं उभं राहिलं की उंबरठा किती उंच वाटतो.

पुष्पानं आतून विचारलं, “कोण आली?”

मी ओठ हलवले. हवा. उत्तर ती देणार नव्हती, उत्तर मी द्यायचं होतं, आणि हे मी आखताना माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आयुष्यभर बोलणाऱ्या बाईला ऐन वेळी हे सुचू नये, यातच सगळं आलं. पुष्पानं पुन्हा विचारलं. पुन्हा हवा. मागे कोणीतरी खोकलं. सूप माझ्या हातात जड व्हायला लागलं आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. उत्तर दिल्याशिवाय देवी आत येत नाही. मी मनात म्हटलं, आई, माझ्याकडे काही नाही. तूच काय ते कर.

पुष्पा उंबरठ्यापर्यंत आली. तिनं सुपाला खालून हात लावला, माझ्या हातांखाली तिचे हात. आणि माझ्या वतीनं तिनंच सांगितलं, “महालक्ष्मी आली.”

मग तिनंच दुसरा प्रश्न विचारला, “कशाच्या पावलानं आली?” सगळे सोन्याची वाट पाहत होते. ती म्हणाली, “माह्या ताईच्या पावलानं आली.”

मी आत गेले ते माझ्या पायांनी गेले की कोणी नेलं, ते मला सांगता येणार नाही. कांता रडत होती, ते मात्र पाहिलं. संध्याकाळच्या आरतीआधी मी पाटीवर तेच तीन शब्द लिहून तिच्यापुढे धरले, “असं झालं नाही.” तिनं वाचले, मान खाली घातली, आणि नव्या सुनेला खरं काय ते तिनंच जाऊन सांगितलं. माझी ती गोष्ट तिथे संपली. तिच्याइतकी चांगली गोष्ट मला पुन्हा मिळालेली नाही, आणि तिची हळहळ मला वाटत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल.

लोक विचारतात, देवीनं चमत्कार केला का? मला माहीत नाही. सूज औषधानं उतरली. आवाज तीन आठवड्यांनी आला, थोडा घोगरा, राक्षसांना चांगला शोभतो. मला एवढंच कळतं की सहा वर्षं मी दाराच्या आत उभी राहून कोण चांगलं, कोण वाईट, कोणाला आत घ्यायचं हे विचारत होते. माझा गळा बंद झाला आणि मला बाहेर उभं राहावं लागलं, तेव्हा दुसऱ्याच्या शब्दावर मी आत आले. लहानपणापासून ऐकत आले की देवापुढे सगळं सोडून द्यावं. मला वाटायचं की संसार सोडायचा, घरदार सोडायचं. ते बरंच सोपं असावं. माझ्या हातून तर एक जांभळी साडी सुटता सुटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवणं. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, ताकातली आंबील. नैवेद्याआधी चव घ्यायची नाही, त्यामुळे मीठ सगळं अंदाजानं. सहा वर्षांनी त्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी होतो, एक बोलणारी आणि एक मुकी, आणि चूल पेटवण्यापासून पानं मांडण्यापर्यंत सगळं खुणांवर चाललं. नैवेद्य झाला, आरती झाली. सवाष्णींची पंगत बसली. पुष्पा इतक्या वर्षांनी पानावर बसली, माझ्या समोर. तिनं आंबिलीचा एक घोट घेतला आणि थांबली.

पंगत थांबली. माझ्याकडे आणि तिच्याकडे आळीपाळीनं पाहायला लागली. बायकांना सहा वर्षांपूर्वीची ताकाची पंगत आठवली असणार. मलाही आठवली. पुष्पानं घोट गिळला आणि माझ्या डोळ्यांत पाहत म्हणाली, “ताई, आंबिलीत मीठ नाई. मले वाटलं तुमी टाकलं.”

मला वाटलं होतं तिनं टाकलं.

मी उठले, मिठाची बरणी घेऊन आले आणि पहिली चिमूट तिच्या वाटीत घातली. तिनं ढवळलं, चाखलं आणि बोट वर केलं, आणखी थोडं. मी आणखी थोडं घातलं. मग तिनं मान हलवली आणि सगळी पंगत जेवायला लागली. मागे महालक्ष्म्या दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. आई, माझा गळा पुन्हा कधी न्यावासा वाटला तर ने, तुझाच आहे. पुष्पाला मात्र माझ्या समोर बसव, आणि जे अळणी आहे ते तिला सांगू दे.